‘स्वामी’तली रमा आणि आमची रमाई

न्यायालयातल्या वकील कक्षात दुपारच्या सुट्टीत आमच्या एका ज्युनिअर वकील भगिनीच्या हातात रणजित देसाई यांची ‘स्वामी’ दिसली. डबा तसाच बाजूला पडलेला आणि या वाचनात गढलेल्या. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘सर, मराठीत यासारखी प्रेमकथा नाही. शेवट वाचून काल रात्री झोप लागली नाही. आता पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. तुम्ही वाचलीय ना?’’

आम्ही खरे तेच सांगितले. वाचली नव्हती, पण पाहिली होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेली ‘स्वामी’ ही मालिका लागत असे. रवींद्र मंकणी माधवराव पेशवे झाले होते आणि मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. त्या वेळी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. वस्तीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका काकांच्या घरी. ‘स्वामी’ लागली की त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. दिवसभर राबून आलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसत पेशव्यांच्या वाड्यातले दुःख पाहायच्या.

आमची आजीही त्यात असायची. शेवटचा भाग झाला, रमाबाई सती गेली, सगळ्या बाया हुंदके देत उठल्या. घरी येताना अंधारात आजी म्हणाली, ‘‘पोरा, वाड्यातली समदी रडताना दिसली. पर वाड्याभाईर आपली मानसं कुटं हुती रं? ती काय दिसली न्हाईत.’’ आणि थोडे पुढे गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘‘जाळून घेतलं तिला देवी म्हनत्यात. मागं ऱ्हाऊन लेकरं वाढवली तिला काय म्हनत्यात?’’

आजी ऐन तारुण्यात विधवा झालेली, चार लेकरे मजुरी करून वाढवलेली बाई. तिच्या या दोन प्रश्नांना त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्युनिअर भगिनीच्या हातातले पुस्तक पाहिले आणि ते दोन्ही प्रश्न जसेच्या तसे आठवले. त्यांचे वाचून होताच आम्ही पुस्तक मागून घेतले. चार रात्री हातात पेन्सिल घेऊन वाचले. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

पुस्तक चांगले आहे, हे आधी कबूल

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडावी, मग आपली, ही आमच्या व्यवसायाची रीत आहे. ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाड गावच्या रणजित देसाई यांना या एका पुस्तकाने घराघरात नेले. लेखक स्वतः ब्राह्मण नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. पेशवाईचा गौरव जातीने ब्राह्मण असलेलेच करतात असा समज असेल तर तो चुकीचा आहे. गौरव हा संस्काराचा भाग असतो आणि संस्कार जात ओलांडून पसरतो.

ज्या काळावर कादंबरी आहे तो काळ नाट्याने भरलेला आहेच. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेची धूळधाण झाली. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे चढली. घरात सत्तेसाठी टपलेला चुलता रघुनाथराव, दक्षिणेत हैदर, शेजारी निजाम, तिजोरीत खडखडाट. त्या पोराने १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाचा पराभव केला, १७६८ साली धोडपला चुलत्याला हरवून कैदेत टाकले आणि क्षयाने झिजत १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राण सोडला. त्याच्या पाठोपाठ पत्नी रमाबाई सती गेली. थेऊरला नदीकाठी तिचे वृंदावन आहे.

या साऱ्या धामधुमीत एका जोडप्याला एकमेकांसाठी सवड कशी मिळत नाही, हा कादंबरीचा खरा विषय. मोहिमा, रुसवे, निरोप, आजारपण, पुन्हा मोहीम. देसाई यांची भाषा तलम आहे. संवाद थोडे आणि नेमके आहेत. हे पुस्तक सुमार आहे असे आम्ही लिहिले तर ती खोटी साक्ष ठरेल. खोटी साक्ष आम्हाला द्यायची नाही, कारण आमचे भांडण सुमार पुस्तकाशी नाहीच. चांगल्या पुस्तकाने केलेले नुकसान जास्त खोल जाते, तिथे आमचे भांडण आहे.

पडदा आणि पान

मालिका पाहिली तेव्हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. पार्श्वसंगीत, नऊवारी, समया, तो वाडा, ते कोवळे चेहरे. दृश्य समोरून जाते, डोळे भरून येतात, तोवर दुसरे दृश्य आलेले असते. पडदा थांबवता येत नव्हता. आजीने प्रश्न विचारला तोही रस्त्याने घरी येताना, टीव्हीसमोर नाही.

पुस्तकाचे तसे नाही. पुस्तक मिटता येते, मागचे पान उलटता येते, समासात खूण करता येते. आम्ही दोन खुणा ठरवल्या. वाड्याबाहेरचा कष्टकरी माणूस स्वतःचे सुखदुःख घेऊन पानावर आला की एक खूण. एखाद्या स्त्रीच्या आयुष्याचा निर्णय तिच्या हाताबाहेर झाला की दुसरी खूण. पुस्तक संपले तेव्हा दुसऱ्या खुणेने समास भरले होते. पहिली खूण शोधावी लागत होती. नोकरचाकर येतात, मुजरा करतात, निरोप सांगतात, धन्यासाठी डोळे ओले करतात. पण मुजरा करून ते ज्या घरी परत जातात ते घर नाही. महारवाडा नाही, मांगवाडा नाही. आजीने निरक्षर डोळ्यांनी पडद्यावर जे पाहिले तेच आम्ही एलएल.बी. करून पुस्तकात पाहिले. फरक इतकाच की तिला एका संध्याकाळी दिसले, आम्हाला त्यासाठी पस्तीस-चाळीस वर्षे लागली.

१९१६ चा निबंध शेजारी ठेवून

दुसऱ्या खुणेकडे वळू. समास का भरले?

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची रचना, उगम आणि विकास यावर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. बाबासाहेबांचे म्हणणे असे की जातीचा प्राण सहभोजनबंदीत किंवा सोवळ्यात नाही, तो जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे. ही सक्ती टिकवायची तर जातीत लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळली पाहिजे. मृत्यू मात्र जोडीने येत नाही. नवरा आधी मेला की एक बाई ‘जास्त’ होते. ती जातीबाहेर लग्न करील तर बंधन तुटते, जातीत दुसरे लग्न करील तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा कमी होतो. सबब तिची विल्हेवाट लावणे आले. एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचे, नाही तर जन्मभराचे सक्तीचे वैधव्य द्यायचे. बायको आधी मेली तर पुरुष ‘जास्त’ होतो. त्याला मात्र जाळायचे नाही. त्याला खालच्या वयोगटातली, अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तीन वेगवेगळे दोष नसून एकाच यंत्राची तीन चाके आहेत. ते यंत्र म्हणजे जात.

आता हा निबंध शेजारी ठेवून पेशव्यांचे घर पाहा. माधवरावाचे लग्न १७५३ साली झाले. नवरदेव आठ वर्षांचा होता, म्हणजे पहिले चाक. पानिपतावर फौज उपाशी मरत असताना नानासाहेब पेशवे डिसेंबर १७६० मध्ये पैठण मुक्कामी एका लहान वयाच्या मुलीशी दुसरे लग्न लावत होते, हेही इतिहासात नोंदले आहे. त्यांची पहिली पत्नी गोपिकाबाई तेव्हा जिवंत होती. पुढच्या सहा महिन्यांत गोपिकाबाई विधवा झाली आणि उरलेले आयुष्य तिने वैधव्यात काढले. हे दुसरे चाक. सदाशिवरावभाऊची पत्नी पार्वतीबाई पती पानिपतावर मेला हे मान्यच करीना, कारण मान्य केल्याच्या क्षणी तिचे माणूसपण संपणार होते. आणि तिसरे चाक थेऊरची चिता.

तीनही चाके एका घरात, एका पिढीत, डोळ्यांसमोर फिरताना दिसतात. कादंबरीकार ती पाहतो, पण त्याला ती यंत्राची वाटत नाहीत. त्याला ती दैवाची, मानाची, घराण्याची आणि शेवटी प्रेमाची वाटतात.

त्या निबंधात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे आणि आमच्या मते ‘स्वामी’ वाचण्याची किल्ली तीच आहे. सतीचा, वैधव्याचा गौरव का करावा हे सांगणारे तत्त्वज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. या चाली मुळात पडल्या कशा, हे मात्र कोणी सांगत नाही. बाबासाहेबांचा निष्कर्ष असा की चाल आधी येते, गरजेपोटी येते. ती इतकी किळसवाणी असते की साध्या माणसाच्या गळी उतरवण्यासाठी तिला नंतर गोड करावे लागते. गौरव होता म्हणून चाल पडली असे नाही, चाल पडली म्हणून गौरव रचावा लागला. १७७२ साली एक तरुण बाई जळाली. १९६२ साली त्या जळण्याला मराठीतली सर्वांत तलम भाषा मिळाली. मधल्या १९० वर्षांत चाल मेली होती. १८२९ साली बेंटिंकने बंगालमध्ये सती बेकायदा ठरवली, पाठोपाठ मुंबई इलाख्यातही तेच झाले. पण गोडवा शिल्लक होता. तो आमच्या वस्तीतल्या एका टीव्हीसमोर बसलेल्या, स्वतः कधीही सती न गेलेल्या आणि जाण्याची चैन न परवडणाऱ्या बायांच्या डोळ्यांतून वाहिला.

‘ती स्वेच्छेने गेली’

ज्युनिअर भगिनींशी बोलताना त्यांनी हाच मुद्दा काढला. ‘‘पण सर, रमाबाईवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. ती प्रेमापोटी गेली.’’

वकिलाला वकिलाने कायद्यानेच उत्तर द्यावे. ‘स्वामी’ मालिका ज्या दशकात गाजली त्याच दशकात, ४ सप्टेंबर १९८७ रोजी, राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातील देवराळा गावात रूपकंवर ही अठरा वर्षांची विधवा नवऱ्याच्या चितेवर जळाली. ती स्वेच्छेने गेली, असेच गावाने सांगितले. उच्च न्यायालयाची मनाई असताना तेराव्या दिवशी तेथे चुनरीचा सोहळा झाला आणि प्रचंड गर्दी लोटली. देशभर संतापाची लाट उठली आणि संसदेने सती प्रतिबंधक कायदा, १९८७ मंजूर केला. या कायद्यातील व्याख्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. विधवेला जिवंत जाळणे किंवा पुरणे म्हणजे सती, मग ते तिच्या इच्छेने झाले असा दावा असो वा नसो, असे कायदा स्पष्ट म्हणतो. कायद्याने स्वेच्छेचा बचाव दारातच अडवला आहे. कारण जिला मागे राहिल्यावर केस काढलेले डोके, अंधारी खोली, एक वेळचे जेवण आणि अपशकुनी हे नाव एवढेच मिळणार आहे, तिची ‘इच्छा’ ही इच्छा नसते. दोन्ही बाजूंना दरी ठेवून माणसाला ‘तुला हवे तिकडे जा’ म्हणणे याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

याच कायद्याच्या पाचव्या कलमाने सतीच्या उदात्तीकरणाला किमान एक ते कमाल सात वर्षे शिक्षा ठेवली आहे. सतीचे समर्थन, तिचा प्रसार, तिच्या नावाने सोहळा, मंदिर, निधी हे सारे त्यात येते. पण कायद्याचे पुढे काय झाले? १९९६ साली देवराळ्याच्या खुनाच्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. उदात्तीकरणाचे खटले रखडत राहिले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, तब्बल सदतीस वर्षांनी, जयपूरच्या विशेष न्यायालयाने उरलेल्या आठ जणांनाही सोडून दिले. न्यायालयात साक्षीदार टिकत नाहीत, कारण साक्षीदार ज्या समाजातून येतो त्याच्या मनात सती अजून देवी आहे. कायदा कागदावर आणि देवी काळजात, अशी लढत झाली की कोण जिंकते ते देवराळ्याने दाखवले. म्हणून आम्ही कादंबरीबद्दल लिहीत आहोत. काळजातल्या देवीचे खाद्य कायद्याच्या पुस्तकात नसते, ते कथेत असते.

गैरसमज नको. ‘स्वामी’ या कायद्याखाली येते असे आमचे म्हणणे नाही. घडलेल्या इतिहासावर लिहिलेली कादंबरी म्हणजे गुन्हा नव्हे. तिच्यावर बंदी घाला असे तर आम्ही कधीच म्हणणार नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले तेव्हा त्यातला राम-कृष्णाचा भाग वगळा म्हणून केवढा गहजब झाला, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा मुंबईत धडकला, हे आमच्या पिढीने घरात ऐकले आहे. ज्यांच्या बापाचे पुस्तक जाळले गेले त्यांनी दुसऱ्याच्या पुस्तकाला काडी लावू नये. आपले हत्यार वेगळे आहे. आपण वाचतो आणि उलटतपासणी घेतो.

वाड्याबाहेर आपली माणसे कुठे होती?

आता आजीचा पहिला प्रश्न.

आपली माणसे पुण्यातच होती. कशी होती ते बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नोंदवले आहे. पेशव्यांच्या राज्यात सवर्ण रस्त्याने येत असेल तर अस्पृश्याने त्या रस्त्याने जायचे नाही. ओळख पटावी म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा. पुण्यात पावलांची धूळ झाडायला कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. त्याच्याही ऐंशी वर्षे आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने ‘ज्ञानोदय’मध्ये मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि डोक्याचा चेंडू करून खेळत, असे त्या मुलीने लिहून ठेवले आहे. इमारतीच्या पायात आपल्या लोकांना शेंदूर पाजून पुरत, असेही तिने लिहिले.

प्रतिपक्षाचा वकील उठून म्हणेल, मुक्ताची साक्ष बाजीरावाच्या काळाची आहे, माधवरावाच्या नव्हे. आम्ही ही हरकत मान्य करतो, तारीख लपवून खटला जिंकायचा नाही. माधवराव हा त्यातल्या त्यात न्यायी पेशवा होता, रामशास्त्री प्रभुणे त्याच्याच काळातले, हेही मान्य. पण एक उलट प्रश्न विचारतो. ते न्यायीपण कोणत्या वस्तीच्या वेशीपर्यंत पोहोचले? रामशास्त्र्यांचा न्याय ज्या धर्मशास्त्रावर उभा होता त्यात महाराला, मांगाला आणि विधवेला कोणते हक्क होते? १७६१ ते १७७२ ही अकरा वर्षे अस्पृश्यता रजेवर गेली होती असे कोणी इतिहासकार म्हणत नाही. राज्यकर्ता कर्तव्यदक्ष असणे आणि राज्य न्यायाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्वामी’ पहिली गोष्ट इतक्या प्रेमाने दाखवते की वाचक दुसरी विचारायचे विसरतो.

दोन रमा

आणि आता आजीचा दुसरा प्रश्न. मागे राहून लेकरे वाढवली तिला काय म्हणतात?

पुस्तक मिटल्यावर आमच्या मनात सारखी आमची रमाई येत राहिली. नाव तेच. लग्नही त्या काळच्या रीतीने लहानपणीच, आणि तेही भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. पती सतत दूर. माधवराव मोहिमेवर, भीमराव न्यूयॉर्कला आणि लंडनला. एका रमेजवळ दासी, पालख्या आणि समया होत्या. दुसरीने शेणाच्या गोवऱ्या थापून चूल पेटती ठेवली, हे आपल्या समाजाच्या आठवणीत कोरलेले आहे. तिने पाच लेकरांना जन्म दिला, त्यातली चार डोळ्यांसमोर गेली. २७ मे १९३५ रोजी राजगृहात ती गेली.

प्रेम म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर आमच्या तरुणांनी हे दोन संसार शेजारी ठेवावेत. पेशव्याच्या घरात पतीमागे पत्नीचे जगणे संपते आणि त्याला प्रेमाची परिसीमा म्हटले जाते. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ रमाईच्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या मनाचा मोठेपणा, तिचे शील, हलाखीच्या दिवसांत तिने दिलेली साथ यांची त्यांनी कृतज्ञतेने नोंद केली. देशाच्या फाळणीसारख्या विषयावरचा ग्रंथ, आणि पहिल्या पानावर परळच्या चाळीत राहून गोवऱ्या थापणारी बाई. इथे बाई प्रेमाची किंमत मरून चुकवत नाही. पुरुष तिचे ऋण उघडपणे मान्य करतो. तथागतांच्या धम्मात पतीने पत्नीचा मान राखावा, तिची अवहेलना करू नये असे सिगालाला सांगितले आहे. त्या उपदेशात चिता कुठेच नाही.

खरी प्रेमकथा कोणती, याचे उत्तर इतिहासात आणखी एका ठिकाणी आहे, आणि तेही पुण्यातच. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या, गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांनी गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे. ज्या समाजाने सतीचा गौरव केला त्याच समाजाच्या लेकी एका माळ्याच्या घरात जीव वाचवायला आल्या. तिथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. यावर मालिका कधी रडवणार?

आज काय पणाला लागले आहे

एखाद्या जुन्या कादंबरीवर इतकी शाई कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आमच्या कार्यालयाच्या बाकावर बसलेले असते. मुलगा आपला, मुलगी दुसऱ्या जातीची, किंवा उलट. दोघेही शिकलेले, दोघेही घाबरलेले. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती नोटीस फलकावर लागल्यापासून त्यांची झोप उडते. घरचे येतील का, गावचे येतील का, मुलीला उचलून नेतील का.

१९४९ सालापूर्वी वेगवेगळ्या जातींच्या दोन हिंदूंचे धार्मिक विधीने झालेले लग्न कायद्याने टिकेलच याची शाश्वती नव्हती. त्या वर्षीच्या हिंदू विवाह वैधता कायद्याने ते वैध ठरले. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ एप्रिल १९४८ रोजी, बाबासाहेबांनी स्वतः सारस्वत ब्राह्मण घरातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला होता. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे त्यांनी १९३६ साली लिहिले आणि बारा वर्षांनी स्वतः करून दाखवले. पुढे २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी प्रकरणात निकाल दिला की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात खाप किंवा जमाव यांना आडवे येण्याचा अधिकार नाही, आणि पोलिसांनी अशा जोडप्यांना संरक्षण द्यावे. कायदा इतका पुढे आला आहे.

आणि समाज? सोनई, १ जानेवारी २०१३, प्रेमसंबंधाच्या रागातून आपली तीन माणसे मारली गेली. खर्डा, २८ एप्रिल २०१४, वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून आपला शाळकरी मुलगा मारला गेला आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. पुन्हा तेच झाले. कायदा कागदावर, देवी काळजात.

ही देवी कोण? स्त्रीचे शरीर म्हणजे घराण्याची अब्रू, ते जातीच्या आतच राहिले पाहिजे, आतच संपले पाहिजे, हीच ती देवी. थेऊरला ती चितेवर बसते, खर्ड्याला ती दोर घेऊन येते. पहिलीला आपण फुले वाहिली तर दुसरीला शिव्या देण्याचा नैतिक अधिकार आपला राहत नाही. म्हणून आम्हाला वकील कक्षातल्या त्या पुस्तकाची काळजी वाटली. आमच्या ज्युनिअर भगिनी आपल्याच वस्तीतून, आईच्या धुण्याभांड्यांच्या पैशावर शिकून काळा कोट घातलेल्या आहेत. त्यांनी रडू नये असे आम्ही म्हणत नाही. रमाबाईसाठी जरूर रडावे. ती सत्तेच्या शिखरावर असूनही जातीच्या यंत्रात जाळली गेलेली एक तरुण मुलगी होती आणि तथागतांची करुणा जात पाहत नाही. पण रडताना तिला देवी म्हणू नये. तिला बळी म्हणावे. एवढा एक शब्द बदलला की सगळे पुस्तक बदलते.

वाचा आणि लिहा

आम्ही पुस्तक परत केले तेव्हा त्यांनी समासातल्या खुणा पाहिल्या. बराच वेळ पाने उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘सर, मी दोनदा वाचली, पण या जागा मला दिसल्याच नाहीत.’’ आम्ही म्हणालो, ‘‘आम्हालाही दिसल्या नव्हत्या. आमच्या आजीला दिसल्या होत्या.’’ त्यांनी १९१६ चा निबंध वाचायला मागितला. आम्ही तो दुसऱ्याच दिवशी त्यांना दिला.

आमच्या वाचकांना आमचे सांगणे तेवढेच आहे. आपल्या बुद्धविहारांतून ग्रंथालये आहेत. नसतील तिथे काढा. त्यात ‘स्वामी’ ठेवायला हरकत नाही, पण तिच्या शेजारी बाबासाहेबांचा जातीवरचा निबंध ठेवा, मुक्ता साळवेचा निबंध ठेवा, यशवंत मनोहरांची ‘रमाई’ ठेवा. रविवारी वंदना झाल्यावर मुलामुलींना एकत्र बसवा आणि मालिकेतल्या, कादंबरीतल्या एकेका प्रसंगाची उलटतपासणी घ्या. या प्रसंगात कोण बोलते आहे, कोण गप्प आहे आणि कोण दिसतच नाही, हे तीन प्रश्न पुरेत. आणि जे दिसत नाहीत त्यांच्यावर लिहा. वाड्याबाहेरच्या पुण्याची कादंबरी अजून कोणीतरी लिहायची आहे. ज्या विधवांनी चितेकडे पाठ फिरवून खुरपे हातात घेतले आणि आपल्याला शाळेत धाडले, त्यांची प्रेमकथा अजून लिहायची आहे.

त्या बायांना काय म्हणतात, असे आजीने विचारले होते. आजी आज नाही. असती तर आम्ही तिला सांगितले असते, त्यांना रमाई म्हणतात.

जयभीम!